चॅनल नऊवरचं धुकं

झुल्मिरा पिनाला कॅमेरा धरायला कुणी शिकवलं, असं विचारलं की ती म्हणायची, "रागानं." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हा ती चाळिशीची होती. एकोणीस वर्षांची असताना समुद्रापलीकडच्या छोट्याशा ब्राव्हा बेटावरून मॅसॅच्युसेट्सला आली, तेव्हापासून बुटांच्या कारखान्यात टाचा शिवत होती. त्या वर्षी वसंतात कारखाना बंद पडला. घरी बसल्या बसल्या ती दिवसभर चॅनल नऊ बघायची. चॅनल नऊ म्हणजे गावाचं स्वतःचं चॅनल. कार्यक्रम नसेल तेव्हा त्यावर सूचनांच्या पाट्या फिरत राहायच्या: कुणाचं मांजर हरवलं, कुठल्या चर्चमध्ये शनिवारी जेवण आहे, ग्रंथालय कधी बंद. जून महिन्यात एक पाटी आली. संत योहानाचा सण, पंचवीस तारखेला. झुल्मिराचं डोकं फिरलं. ब्राव्हाच्या माणसाला बायकोचा वाढदिवस विसरलेला चालतो, पण सांव जुआंवची, म्हणजे संत योहानाची, चोवीस तारीख चुकलेली चालत नाही. ती तशीच उठली, तीन गल्ल्या चालत जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत गेली. चॅनल तिथेच होतं, तळमजल्यावर. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने समोरच्या माणसाला सुनावलं, "तुम्ही संताला एक दिवस उशिरा जन्माला घातलंत."

समोरचा माणूस म्हणजे फाल्वी. उंच, टकला, आयरिश. चॅनलचा व्यवस्थापक. त्याने माफीबिफी काही मागितली नाही. एक खुर्ची ओढली, कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "चॅनल तुमचंच आहे, बाई. चूक दिसली तर दुरुस्त करा." झुल्मिराला आधी वाटलं हा आपली थट्टा करतोय. मग तिने एका बोटाने, वीस मिनिटं खर्चून, पाचाचा चार केला आणि खाली सणाच्या जेवणात काय काय असेल तेही लिहिलं. घरी येऊन टीव्ही लावला. तिने लिहिलेली पाटी पडद्यावर आली. ती फिरून चौथ्यांदा येईपर्यंत ही बाई जागची हलली नाही.

पुढच्याच मंगळवारी ती फुकटच्या वर्गात जाऊन बसली. सहा मंगळवार वर्ग, मग परीक्षा, मग एक कार्ड. कार्ड असलं की पुस्तक न्यावं तसा कॅमेरा घरी नेता येतो. चॅनलचा नियम सरळ होता: गावात राहणाऱ्या कुणीही अर्ज भरावा, खाली सही करावी आणि रांगेत आपली वेळ घ्यावी. तुम्ही काय बोलणार, हे विचारायचा हक्क कुणालाच नाही. त्यामुळे तिथे हैतीचे पाद्री यायचे, विणकाम शिकवणाऱ्या दोन बहिणी यायच्या, घरासमोरच्या एकाच खड्ड्याबद्दल पंधरा वर्षं बोलणारा एक गृहस्थ यायचा. आणि दर गुरुवारी न्हो तोनेका यायचा; न्हो हे बेटावरचं आदराचं 'राव'. वय तेव्हा छप्पन्न, मांडीवर गिटार, तोंडात दर दोन गाण्यांमागे एक तक्रार.

अशी बावीस वर्षं गेली. फाल्वी निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला गेला. झुल्मिराला पगार मिळायला लागला, केस पांढरे झाले, आणि ती सगळ्यांची तिया झाली. तिया म्हणजे मावशी. दुपारी अडीचला शाळा सुटली की दार उघडायचं आणि पोरं आत यायची. यांचे आईबाप दोन दोन नोकऱ्या करणारे, घरी गेलं तर रिकामं घर. इथे आलं तर कुणीतरी ओरडायला तरी होतं. झुल्मिरा ओरडायचीही मनापासून. केबल नीट गुंडाळली नाही तर जेवण नाही, हा तिचा कायदा. एक वेटोळं सरळ, एक उलट, म्हणजे पुढच्या वेळी सोडताना गाठ पडत नाही. केबल गुंडाळली की मागच्या खोलीत भात आणि घेवडा, वर लिंग्विसाचे, म्हणजे मसालेदार सॉसेजचे, तुकडे. शाळेसमोरच्या रस्त्यावर पोरं जीव मुठीत धरून पलीकडे जात होती, तेव्हा तिच्या तीन मुलींनी रोज सकाळी तिथे कॅमेरा लावला आणि नुसतं दाखवलं. बोलल्या काहीच नाहीत. सहाव्या आठवड्यात तिथे शिट्टी घेतलेला माणूस उभा राहिला. त्या दिवशी झुल्मिराने दुप्पट भात केला.

आणि या सगळ्यात, फेब्रुवारीपासून, तिला दिसेनासं झालं होतं.

आधी दिव्यांभोवती कडी दिसू लागली. मग टीव्हीवरच्या माणसांची तोंडं दुधात बुडाल्यासारखी झाली. तिने चष्मा पुसला. मग पुसायचाही सोडला, कारण चष्म्यात काही नव्हतं हे तिला कळलं होतं. तिला तिची आई आठवत होती. आईचं असंच सुरू झालं होतं, ब्राव्हाला, पन्नाशीनंतर. बेटावर डॉक्टर नव्हता. राजधानीला, प्राइयाला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. त्यानंतर आई नऊ वर्षं उंबऱ्यावर बसून होती, रस्त्यावरच्या आवाजांकडे तोंड करून. ओळखीच्या पावलांना हाक मारायची, आणि चुकून भलत्यालाच हाक गेली की खजील व्हायची. झुल्मिराला त्या खजील हसण्याची भीती वाटत होती. अंधाराची तेवढी नाही.

म्हणून तिने डॉक्टरकडे जायचंच टाळलं. न विचारलेला प्रश्न आणि न उघडलेलं पत्र, दोन्हींत बातमी वाईट नसते, असं तिने ठरवून टाकलं होतं. एवढी शहाणी बाई, दुसऱ्याच्या पोराला साधा खोकला झाला तर दवाखान्यात पिटाळणारी, आणि स्वतःच्या बाबतीत हे असं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी चालवणं बंद केलं आणि सांगितलं, चालणं तब्येतीला बरं. अर्ज आले की पोरांपुढे टाकायची, "वाच मोठ्यानं, तुझं वाचन कच्चं आहे." आणि स्टुडिओत एक नंबरचा कॅमेरा कुणाला धरू देईना. तिथून पाहुण्यांच्या खुर्च्या किती अंतरावर आहेत हे तिला पाठ होतं. डोळ्यांनी नाही तर हाताने ती फोकस लावत होती.

मे महिन्यात कधीतरी तिच्या हाताला फोकसच्या कडीवर काहीतरी लागलं. चिकटपट्टीचे तीन तुकडे, एकावर एक थर देऊन जाड केलेले. पहिल्या तुकड्यावर कडी आणली की पहिली खुर्ची, दुसऱ्यावर दुसरी, तिसऱ्यावर तिसरी. कुणी लावले, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मग ऑक्टोबरचा तो शनिवार आला. प्रभागातून नगरसेवकाची निवडणूक होती, उमेदवार तीन, आणि प्रश्न विचारणारी पोरं. कार्यक्रम सकाळी अकराला, थेट. वर नियंत्रणाच्या खोलीत इव्हांड्रा बसली होती. सतरा वर्षांची, चॅनलवर तिसरं वर्ष, कुणाचं चित्र कधी घ्यायचं हे तीच ठरवणार. तिच्या शेजारी आवाजाची बटणं सांभाळायला जासिरा. ती मार्चमध्ये आलेली, पंधरा वर्षांची, एवढी आज्ञाधारक की झुल्मिराने 'थांब' म्हटलं तर श्वास घ्यायचीही थांबेल. दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर आदमिल्सन नावाचा लांबोडका मुलगा.

माईक तपासायची झुल्मिराची एक पद्धत होती. एकेक माईक आपल्या कॉलरला लावायचा आणि सकाळपासून काय खाल्लं ते सांगायचं. "एक, दोन, तीन" म्हटलं की माणूस पोपटासारखा बोलतो. खाण्याबद्दल बोलायला लागला की खरा आवाज येतो. तिने पहिला माईक तपासून कॉनलीबाईंना लावला, दुसरा रोझारियो नावाच्या उमेदवाराला. तिसऱ्या माईकला ती कॉफी आणि पावाबद्दल सांगत होती तेव्हा अकरा वाजले आणि तिसरे उमेदवार काही आले नव्हते.

अशा वेळचा चॅनलचा रिवाज ठरलेला होता. न आलेल्याची खुर्ची हलवायची नाही, आणि त्याचा माईक बंद करायचा नाही. माणूस पन्नासाव्या मिनिटाला धापा टाकत आला तरी त्याला बसल्या बसल्या बोलता आलं पाहिजे, नाहीतर उद्या म्हणेल, माझा आवाज दाबला. हे झुल्मिरानेच जासिराला शिकवलं होतं, बोट नाचवून नाचवून. तिसरे उमेदवार दारात दिसले की आपण धावत जाऊन माईक लावू, असं ठरवून झुल्मिरा कॅमेऱ्यामागे उभी राहिली. तीन नंबरचा माईक तिच्या कॉलरला तसाच राहिला. दोन मिनिटांत ती ते विसरूनही गेली.

पहिला भाग बरा झाला. पोरांनी प्रश्न चांगले विचारले. मैदानावरचे दिवे सहाला का बंद होतात, आणि नगरसेवकांनी शेवटची बस कधी पकडली होती. कॉनलीबाईंना बसचा प्रश्न झोंबला. मधूनच कुणीतरी सुस्कारे टाकत होतं, ऐकणाऱ्यांना वाटलं रोझारियोच. पण झुल्मिराच्या कानातल्या हेडफोनमध्ये वेगळंच काही चाललं होतं. "एक नंबर, छान, थांब, मी दोनवरच राहते," इव्हांड्रा म्हणायची. पुन्हा, "एक नंबर, आभारी आहे, दोनवरच." पंचवीस मिनिटांत तिने झुल्मिराचं चित्र तीनदा घेतलं असेल. पोर आभार मानत होती, आणि ज्या अर्थी आभार मानत होती त्या अर्थी काहीतरी लपवत होती. आभार मानायची तिची सवय नव्हती.

मध्ये दहा मिनिटांची सुट्टी होती. पडद्यावर सूचनांच्या पाट्या आल्या, मागे न्हो तोनेकाच्या गिटारीचं ध्वनिमुद्रण वाजू लागलं. जासिराने पहिला आणि दुसरा माईक बंद केला. तिसऱ्याला हात लावला नाही. रिकाम्या खुर्चीचा माईक बंद करायचा नसतो.

उमेदवार बाहेर कॉफीला गेले. इव्हांड्रा पाण्याची बाटली घेऊन खाली आली.

"तिया, पाणी पी."

"माझ्याकडे चित्र का मागत नाहीस तू?"

"दोनचा कोन चांगला होता."

"कोनाचं मला नको शिकवू. खोटं बोलायला मी तुला शिकवलं नाही, मग कुठून शिकलीस?"

"बरं, चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा. त्यात काय एवढं?"

 झुल्मिरा कॅमेऱ्याच्या दांड्यावरचे हात न काढता बोलायला लागली.

"नंबर नाही गं. मला दिसत नाहीये. फेब्रुवारीपासून. ती कॉनलीबाई मला मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी दिसते. रोझारियो उजवीकडे बसलाय हे मी त्याच्या खोकल्यावरून ओळखलं. आठ महिने मी अंदाजानं कॅमेरा धरतेय, इव्हांड्रा."

"तिया—"

"थांब, आता बोलू दे. माझ्या आईचं असंच झालं. नऊ वर्षं उंबऱ्यावर बसली ती. डॉक्टरकडे गेले तर तो तेच सांगणार. मग माझी मुलगी येणार अटलांटाहून आणि मला उचलून घेऊन जाणार, तिच्या बाल्कनीत बसवणार. माझे हात चांगले आहेत अजून. पाय चांगले आहेत. मला भीती वाटते गं. रात्री दिवा विझवायचीसुद्धा भीती वाटते, सकाळी उजाडलेलं दिसलंच नाही तर. पण मला घरी बसवू नका."

इव्हांड्राने तिच्या दंडाला हात लावला. "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. मेपासून. त्या पट्ट्या आदमिल्सनने लावल्या, मोजून. खुर्ची हलली की त्याही चुकतात, म्हणून मी दोनवर राहते. तू विचारशील म्हणून आम्ही उत्तरही ठरवून ठेवलं होतं. तू विचारलंच नाहीस."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे झुल्मिराला कळत नव्हतं असं नाही. पण ज्यांना आपण मुलं म्हणतो ती पाच महिने आपल्याला सांभाळून घेत होती, हे ऐकून तिची बोटं त्या पट्ट्यांवरून पुन्हा फिरली. तेवढ्यात जिना धडधडला. जासिरा खाली आली. तिचं तोंड पांढरं पडलंय हे झुल्मिराला दिसलं नाही, पण श्वास ऐकू आला.

"तिया, तीन नंबर," जासिरा म्हणाली. "तीन नंबरचा माईक कुठंय?"

झुल्मिराचा हात कॉलरकडे गेला.

"सगळं गेलं," जासिरा म्हणाली. "पाट्यांच्या मागून. मला वाटलं तिसरे आलेत आणि कुणाशी तरी बोलतायत. मग आवाज ओळखला. मी बंद केला, पण तोवर तू बाल्कनीपर्यंत आली होतीस." आणि ती रडायला लागली.

ऑफिसातला फोन वाजत होता. तो थांबला, आणि लगेच दुसऱ्या खोलीतला वाजला. म्हणजे हरवलेल्या मांजराच्या आणि चर्चच्या जेवणाच्या पाट्यांबरोबर साऱ्या प्रभागाने झुल्मिरा पिनाचं गुपित ऐकलं होतं, कणकेच्या गोळ्यासकट. झुल्मिरा चालत गेली आणि त्या न आलेल्या उमेदवाराच्या खुर्चीत बसली. बावीस वर्षांत ती कॅमेऱ्याच्या या बाजूला कधी बसली नव्हती.

"आता मी घरी जाते," ती म्हणाली.

"चार मिनिटांत दुसरा भाग आहे," इव्हांड्रा म्हणाली. "तू लांबचं चित्र धर. सगळा स्टुडिओ. त्यात फोकस लागतोच. एक नंबरवर मला माणूस हवा आहे, तिया."

तिचा आवाज अगदी झुल्मिरासारखा झाला होता, दुपारी अडीच वाजताचा. झुल्मिरा उठली आणि कॅमेऱ्यामागे गेली. कॉनलीबाई परत आल्या तेव्हा त्यांना कॉफीच्या टेबलावरच कुणीतरी सांगितलेलं होतं. त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "मिसेस पिना, मला आयुष्यात पुष्कळ काही म्हटलं गेलंय. कणकेचा गोळा त्यातल्या त्यात बराच म्हणायचा." झुल्मिराला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण लांबचं चित्र तिने शेवटपर्यंत धरलं.

कार्यक्रम संपायच्या आतच न्हो तोनेका सपाता घालून दारात हजर झाला. तो तीन घरं सोडून राहायचा. झुल्मिराने मान खाली घातली. आता कीव ऐकायची होती आणि तीच तिला सोसणार नव्हती.

पण म्हातारा चिडलेला होता.

"तू होतीस होय ती?" तो म्हणाला. "मार्चपासून माझ्या कार्यक्रमात मी भुतासारखा दिसतोय. बायको म्हणाली टीव्ही बिघडला. पोरानं नवा टीव्ही आणला, भिंतीएवढा. त्यावर मी भिंतीएवढं भूत. मग म्हटलं, आपलेच डोळे गेले. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणतो, 'आजोबा, तुमची नजर विशीतल्या पोरासारखी आहे.' मग राहिलं काय? मला वाटलं, मीच विरघळत चाललोय. मी मृत्युपत्र केलं, झुल्मिरा. गिटार भाच्याच्या नावावर केली, आणि त्याला वाजवताही येत नाही."

"न्हो तोनेका, माझं चुकलं," झुल्मिरा म्हणाली.

"चुकलंच. पण देवा, काय बरं वाटतंय मला," तो म्हणाला आणि मटकन बसला. "म्हणजे मी आहे अजून. पूर्ण आहे."

आदमिल्सनला आधी हसू फुटलं, मग इव्हांड्राला. रडता रडता जासिरालाही. झुल्मिरा हसली नाही, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

इतक्यात इव्हांड्रा ऑफिसातून ओरडली, "तिया, एल्डर आहे फोनवर. फोन ठेवायचा नाही म्हणतोय."

एल्डर हा तिचा बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. केबल गुंडाळण्यात सगळ्यांत आळशी, जेवायला सगळ्यांत पुढे. आता तो मोठ्या रस्त्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होता, रोग्यांना आत घ्यायचा आणि आपल्या लोकांसाठी दुभाषाचं कामही करायचा.

"तिया," तो म्हणाला, "उन्हाळ्यापासून आमच्याकडे एकवीस म्हाताऱ्या येऊन गेल्या. सगळ्यांची तक्रार एकच, चॅनल नऊ अंधुक दिसतं. बाकी सगळं नीट. सुईत दोरा जातो, शेजारणीच्या अंगणातलं दिसतं, फक्त चॅनल नऊ दिसत नाही. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, हा तुमच्या बेटावरचा काही आजार आहे का. आम्ही अख्खी वस्ती तपासली, तिया. एक तुला सोडून."

"एल्डर, मी नाही येणार."

"सोमवारी साडेतीनला. आणि तू नाही आलीस तर न्हो तोनेकाला पाठवीन आणायला, गिटारीसकट."

रविवारी चर्चमध्ये जाताना ती पदोपदी थबकत होती, पण कुणी हळहळलं नाही. बिबिया नावाच्या म्हातारीने मात्र पिशवीतून दोन नवे कोरे चष्मे काढून तिच्या हातात ठेवले. "हे तुझ्यामुळे घेतले. दोन्ही फुकट गेले. तूच लाव आता." एवढं बोलून ती मिस्साच्या प्रार्थनेला बसायला गेली, आणि झुल्मिराला तिच्या पाठीकडे बघून एकदम हुंदका आला.

सोमवारी तिला घेऊन गेली जासिरा. हे तिनेच ठरवलं होतं, प्रायश्चित्त म्हणून. बसमध्ये ती झुल्मिराचा हात धरून बसली होती, आणि कोण कुणाला धीर देतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांचा दाब मोजला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बघताना त्या काहीच बोलेनात. झुल्मिराने ते गप्प बसणं ओळखलं. प्राइयाचा डॉक्टरही असाच गप्प बसला होता, तेव्हा ती आईच्या मागे उभी होती.

"सांगून टाका," ती म्हणाली. "काचबिंदू ना?"

डॉक्टरीणबाई एल्डरकडे वळून बराच वेळ, अवघड डॉक्टरी शब्दांत बोलल्या. एल्डर खाली उकिडवा बसला, तिच्या खुर्चीजवळ, आणि बेटाच्या भाषेत म्हणाला, "तिया, दाब अगदी नीट आहे. मागची नस शाबूत आहे. आईचा आजार नाही तुला. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला."

"म्हणजे जाणार ना नजर?"

"नाही. म्हणजे काढून टाकायचा. वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. एक डोळा नोव्हेंबरात, मग दुसरा."

"परत सांग."

त्याने परत सांगितलं.

"तिला विचार. तिला नक्की माहीत आहे का?"

डॉक्टरीणबाईंना भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी होकाराची मान डोलावली, ठळक, दिसेल अशी. झुल्मिराचा जीव भांड्यात पडला. ती तोंडावर रुमाल धरून रडली. रडून झाल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या, आठ महिने उंबऱ्यावर बसून काढले म्हणून, तेही उंबरा नसताना. जासिराला ती भाषा येत नव्हती, ती विचारत राहिली, "तिया, चांगलं आहे की वाईट? कुणीतरी मला सांगा." एल्डरने तिला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती खुर्चीतून उठली आणि डॉक्टरीणबाईंनाच मिठी मारून मोकळी झाली.

नोव्हेंबरातल्या पहिल्या डोळ्यापासून झुल्मिरा घरीच होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्याचं काम झालं, आणि आठ दिवसांनी ती चॅनलवर आली. सगळंच नवं दिसत होतं, आणि बरंचसं घाणेरडं. स्टुडिओचा गालिचा तिला करडा वाटायचा, तो निळा निघाला. मागच्या खोलीतल्या शेगडीमागची भिंत बघून तिने पोरांना फडकी दिली. न्हो तोनेकाचा कार्यक्रम होता आणि तो यायला वेळ होता, म्हणून माईक तपासायला तिने जासिराला खुर्चीत बसवलं.

"काय खाल्लंस सांग."

"सकाळी दलिया. शाळेत काही नाही. मग तुझा भात, दोनदा."

झुल्मिरा कॅमेऱ्यामागे गेली. फोकसच्या कडीवर हात ठेवला, आणि हाताऐवजी डोळ्यांनी ती फिरवली. आधी गालिचा, मग गुडघे, मग तोंड. एक मुलगी दिसू लागली. भुवया जाड, पुढच्या दोन दातांत फट, हनुवटीवर आडवा पांढरा व्रण, आणि डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान, त्यामुळे ती काहीतरी खोडसाळ विचार करत असावी असं वाटायचं. मार्चपासून ही पोर तिच्या पाठीमागे फिरत होती. तिचा आवाज, तिची पावलं, तिचा श्वास झुल्मिराला पाठ होता.

"हनुवटीला काय लागलं होतं गं?"

"सायकलवरून पडले होते, सहा वर्षांची असताना. तुला माहीत नव्हतं?"

"कुठून माहीत असणार? मी आज बघतेय तुला," झुल्मिरा म्हणाली. "नऊ महिने झाले तुला इथे येऊन, आणि मी आज बघतेय."

जासिराला लाजल्यासारखं झालं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

"हलू नकोस. इकडे बघ, आणि भाताचं सांगत राहा."

जासिराने पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि फट दिसेल इतकी हसली. झुल्मिराने चित्र आणखी जवळ आणलं, कपाळावरचे बारीक कुरळे केस दिसेपर्यंत, आणि धरून ठेवलं.  कार्यक्रमाला अजून चार मिनिटं होती आणि पडद्यावर पाट्या फिरत होत्या.

"एक नंबर," हेडफोनमध्ये इव्हांड्रा म्हणाली, "घेतलं."

झुल्मिराच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, आणि त्या संध्याकाळी चॅनल नऊ बघणाऱ्या सगळ्यांना चार मिनिटं आधीच एक मुलगी दिसली, स्वच्छ, भाताबद्दल बोलताना.